उपासाची कढई

अप्पाराव लेखाचे कागद वहीतून काढत होते, तेव्हा पोस्टकार्ड घसरून टेबलावर पडले. त्यांनी हात पुढे करण्याच्या आत महोत्सव समितीतल्या तनुजाने ते उचलले.

"अय्या, खरंखुरं पोस्टकार्ड! काका, वाचू?"

"खासगी आहे," अप्पाराव म्हणाले. पण आयुष्यभर ग्रंथालयात काढलेल्या माणसाचा तो आवाज होता. टेबलापलीकडे पोचला नाही.

तनुजा मोठ्याने वाचू लागली.

"'अप्पा, सलाम. फोनवर तू लगेच बहाणा करतो, म्हणून लिहितोय. मराठी कॅलेंडर आणून भिंतीला टांगलंय. तुझे सोमवार काढले, गुरुवार काढले, शनिवार काढले. चतुर्थी नाय, एकादशी नाय, असा एक बुधवार सापडलाय, सतरा तारखेचा. त्या दिवशी तुझा एकबी देव आडवा येत नाय. दुपारी ये. नान-खलिया. तुझा फारूख जिल्दसाज.'"

"वा!" समितीचे अध्यक्ष शिवराज म्हणाले. "ह्याला म्हणतात दोस्ती."

अप्पारावांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

ते कार्ड अकरा महिने वहीत होते. सतरा तारखेचा बुधवार आला आणि गेला, त्या दिवशी ते घरातच बसून राहिले. नंतर चार वेळा उत्तर लिहायला घेतले. चारही वेळा 'प्रिय फारूख' इथे पेन थांबले. इतक्या उशिरा लिहिलेल्या उत्तराला आधी उशिराचे कारण द्यावे लागते, आणि कारण तर त्याहूनही जुने होते.

तनुजाने मोबाइल काढून कार्डाचे फोटो घेतले, पुढून आणि मागून.

"हे मोठं करून लावू. बोर्डावर वरती कार्ड, खाली तुमचा लेख. अप्रतिम दिसेल."

"नको."

"काका, लोक असल्या गोष्टींसाठीच येतात हो."

लोक पुढच्या शनिवारी येणार होते, 'आपलं शहर, आपली चव' या महोत्सवाला. खाण्याचे स्टॉल, हिमरूचे माग, संध्याकाळी गाणे. शहराचे नाव फलकावर जुने लिहायचे की नवे, यावर दोन बैठका गेल्या होत्या, म्हणून 'आपलं शहर'. आधी कव्वाली की आधी भारूड, यावर तिसरी बैठक आत्ता चालू होती. शिवराजांनी तोडगा काढला होता की मधे एका शाळेचे लेझीम ठेवावे, म्हणजे दोन्हींतले पहिले कोण हे कुणाच्या लक्षात येणार नाही. अप्पारावांना तिन्ही बैठकांना बोलावले होते आणि तिन्हींत काही विचारले नव्हते. त्यांनी फक्त नान-खलियावर, म्हणजे नान आणि मटणाच्या रश्श्यावर, लेख द्यायचा होता. तो त्यांनी दिला होता: पदार्थ कुठून आला, लष्कराबरोबर कसा आला, नानाला हळद आणि गूळ कशासाठी लावतात. साडेतीन पाने, एकही विशेषण नाही.

आता तनुजाने छापून आणलेला कागद त्यांच्यापुढे सरकवला. साडेतीन पानांचे एक झाले होते. शेवटी एक वाक्य नवे होते.

*फारूखभाईंच्या घरी एका दस्तरखानावर, मांडीला मांडी लावून किती वेळा जेवलो याची मोजदाद नाही.*

अप्पारावांनी वाक्य दोनदा वाचले.

"हे मी लिहिलेलं नाही."

"मी घातलंय. शेवट जरा कोरडा वाटत होता. भावना पोचायला हवी ना."

"मोजदाद आहे," अप्पाराव म्हणाले.

"मग आकडा सांगा, आकडा घालू."

अप्पारावांनी कागद उलटा करून ठेवला. तनुजाने शिवराजांकडे पाहिले. शिवराजांनी, म्हाताऱ्या माणसांचे असेच असते, अशा अर्थाने मान हलवली.

"काका, पुढच्या शुक्रवारी सकाळी छापायला जातंय. तोवर दुसरं वाक्य द्या. नाहीतर हेच जाईल. फारूखभाई उद्घाटनाला पहिल्या रांगेत असणारेत, त्यांना किती बरं वाटेल!"

तेवढ्यात दार ढकलून आमरीन आली. फारूखची सून. स्टॉल तिचा होता, आणि समितीने चवीसाठी नमुना मागवला होता. दोन्ही हातांत पिशव्या, कपाळावर घाम.

"लिफ्ट बंद हाय तुमची. तीन मजले चढले मी हे घेऊन. आता कुणी म्हणू नका तिखट कमी हाय."

तिने मोठा डबा उघडला. खलियाचा वास खोलीभर पसरला. हळदीने पिवळे झालेले नान कागदावर निघाले. शिवराजांनी बाह्या सरसावल्या. गळ्यातली माळ त्यांनी हाताने शर्टाच्या आत सारली आणि नान मोडला.

"माळ आत सारली म्हंजी देवाला दिसत नाय व्हय?" आमरीनने विचारले.

"देवाला वास आला तर तोच बाहेर येईल बघ," शिवराज तोंड भरलेले असताना म्हणाले. सगळे हसले.

मग आमरीनने दुसऱ्या पिशवीतून एक छोटा डबा काढला आणि अप्पारावांसमोर वेगळा ठेवला.

"चाचा, हे तुमचं. आज गुरुवार ना. अम्मींनी सकाळीच साबुदाणा भिजवला."

अप्पारावांनी डब्याकडे पाहिले.

"हळद नाय घातली," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आन् कढई बी तीच हाय, उपासाची. अम्मी तिच्यात दुसरं काय करतच नायत. मला बी हात लावू देत नायत. कागदात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवतात."

ही कढई त्यांना ठाऊक नव्हती. हळद ठाऊक होती.

फारूख ग्रंथालयाच्या पुस्तकांची जिल्द बांधायचा, मराठी आणि उर्दू, दोन्ही. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्याने बकरी ईदला जेवायला बोलावले. अप्पारावांची आई तेव्हा होती, आणि कुणाकडे जेवून आलास हे ती विचारायची. त्या दिवशी सोमवार होता. "आज माझा उपास असतो," ते म्हणाले, कारण तेच सर्वांत सोपे होते. दुसऱ्या सोमवारी फारूखने घरून साबुदाण्याची खिचडी आणली. ती पिवळी होती. अप्पारावांनी ग्रंथालयात बसून डबा संपवला. दोन दिवसांनी फारूखच्या बायकोला, अजराभाभीला, शेजारच्या लक्ष्मीबाईंनी सांगितले की उपासाला हळद चालत नाही. आपल्या हातून याचा उपास मोडला म्हणून भाभी दोन दिवस जेवली नाही, असे फारूखने येऊन सांगितले होते. अप्पारावांनी माफ केले होते. "चालतं एखाद वेळी," असे म्हणाले होते. हळद चालत नाही हे त्यांनाही त्याच दिवशी कळले होते.

त्यानंतर सोमवारला गुरुवार मिळाला, गुरुवारला शनिवार. आई गेली. बायको गेली. विचारणारे कुणी उरले नाही, पण उपास उरले.

"खा ना चाचा," आमरीन म्हणाली. "गार होतंय."

त्यांनी चमचा घेतला. दाणा दाणा सुटा होता, शेंगदाण्याचे कूट बेताचे, जिरे तुपात नीट तडतडलेले. समोर शिवराज हाडातला मगज ओढून घेत होते. मागच्या रविवारी पुतण्याच्या घरी अप्पारावांनीही असाच ओढला होता. मटण त्यांना फार आवडायचे.

"काका शाकाहारी आहेत का?" तनुजाने विचारले. "मग तसं लिहू या. एकाच्या ताटात खलिया, एकाच्या ताटात खिचडी, आणि तरी दस्तरखान एकच! हे तर अजून भारी."

"गप्प बसा हो जरा!" अप्पाराव म्हणाले.

या वेळी आवाज सगळीकडे पोचला. लेझमाविषयी बोलणारा माणूसही थांबला. अप्पारावांना लगेच ओशाळल्यासारखे झाले.

"नाही, म्हणजे... खिचडी चांगली झालीय," ते आमरीनला म्हणाले.

"अम्मींना सांगते," ती म्हणाली, आणि रिकामा डबा तिने वेगळ्या पिशवीत ठेवला, खलियाच्या डब्याला लागणार नाही असा.

घरी येऊन त्यांनी टेबलाचा खण उघडला. मागच्या वेळी आणलेल्या चार कार्डांवर 'प्रिय फारूख' लिहिलेले होते. पाचवे कोरे होते. आधी तारीख ठरवावी म्हणून त्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले. छपाईच्या शुक्रवारच्या आत एकच बुधवार येत होता, आणि त्या बुधवारी चतुर्थी होती. लाल चंद्राचे छोटे चित्र, खाली चंद्रोदयाची वेळ.

त्यांना क्षणभर हायसे वाटले. मग त्या हायसे वाटण्याचाच संताप आला. मंगळवार मोकळा होता. मंगळवार लिहिला तर काहीच सांगावे लागणार नव्हते. जेवून, हात धुऊन, उपास शाबूत ठेवून परत येता आले असते. ते खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. नातवंडे असणाऱ्या वयाला असले काही लिहिणे शोभते का, असेही वाटून गेले. मग पाचव्या कार्डावर त्यांनी 'प्रिय' गाळला.

*फारूख, बुधवारी दुपारी येतो. तुझ्या कॅलेंडरात चतुर्थी दिसेल. ती तुझ्याकडेच राहू दे. मला सोमवार नव्हता, गुरुवार नव्हता, शनिवारही नव्हता. कधीच नव्हता. मी मटण खातो. भाभीला हे तू सांगू नकोस, मी येऊन सांगेन. मग ती म्हणेल तिथे बसेन किंवा परत जाईन.*

पत्ता लिहून झाल्यावर कार्डावर बोटभर जागा उरली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोस्टाच्या पेटीशी उभे राहिले. पेटीचे पत्रे गंजले होते, पण टपाल काढायची वेळ ताज्या रंगात लिहिलेली होती. त्यांनी खिशातून पेन काढले, कार्ड पेटीच्याच पाठीवर टेकवले आणि उरलेल्या जागेत बारीक अक्षरात लिहिले:

*साबुदाणा भिजवू नका.*

मग कार्ड आत टाकले, आणि ते खाली पडल्याचा आवाज येईपर्यंत थांबले.