दाराच्या डावीकडची फरशी

टक्... बोटाच्या पेरानं वाजवली की ही एकच फरशी वेगळी बोलते — बाकीच्या घट्ट, ही पोकळ. पांढरी, कोपऱ्यात फिकट तपकिरी फूल, आणि त्या फुलाची एक पाकळी कारखान्यातच पुसली गेलेली, कारण माल दुय्यम प्रतीचा होता. तरीही तैपेईत, जिची सेवा करायला ठेवलं होतं त्या म्हातारीच्या स्वयंपाकघरात उभं राहून फोनवर या फरशीचा फोटो पाहताना विनार्सिहला वाटलं होतं की आपण आईसाठी एकदाचं काहीतरी केलं.

छिन्नी मांडीवर होती. दहाला गरीब घरांची यादी करणारा सरकारी यादीवाला येणार होता.

सकाळीच सुप्राप्तीकाकू उकडलेल्या कसाव्याची बशी घेऊन येऊन गेल्या. गल्लीच्या प्रमुखाची बायको, त्यामुळे बातमी आधी त्यांच्याकडे येते आणि मग बशीबरोबर घरोघर जाते. यादीवाला नवा आहे म्हणाल्या, उंबऱ्यातूनच आधी जमीन बघतो, मग भिंत, मग माणसं. सगळी गल्ली कामाला लागलीय. कुणी फ्रिज सासरी धाडलाय, कुणी वर प्लास्टिक टाकून त्याचं कपाट केलंय.

"मागच्या खेपेला माझ्या बहिणीच्या गोठ्यात तीन मोटारसायकली होत्या. शेळ्या बिचाऱ्या बाहेर उन्हात." काकू हसल्या नाहीत. "विनार, फरशा काढ. माती दिसली की तुझी धाकटी एंदाह यादीत बसली, आणि यादीत बसली की तिची डोकं शांत ठेवणारी सुई फुकट सुरू. एवढं सरळ आहे, पोरी."

सरळच होतं. मागचा माणूस आला तेव्हाही ते इतकंच सरळ होतं, फक्त या घरात ते कुणाला कळलं नव्हतं. पाहुणा येणार म्हणून एंदाहनं दोनदा फरशी पुसली. आईला तेव्हा हीच महिन्याची सुई नियमित मिळत होती, ती बरी होती, तिनं अंबाडा घालून चहा केला, आणि त्या माणसानं — चांगला माणूस होता, बूट दाराबाहेर काढले होते त्यानं — जमीन छान आहे असं म्हटल्यावर ती म्हणाली, "माझ्या थोरलीनं पाठवली. परदेशातून." हे सांगताना ती कशी उभी राहिली असेल ते विनार्सिहला दिसतं. पदर नसलेली बाईसुद्धा पदर सावरल्यासारखी उभी राहू शकते. त्यानं कागदावर खूण केली. दोन महिन्यांनी घराचं उपचारकार्ड बंद झालं. आरोग्यकेंद्रातली मुलगी फार अदबीनं म्हणाली, तुमचं घर आता गरीब राहिलेलं नाही... चौथ्या महिन्यात आई कालव्यात सापडली.

विनार्सिह तिसऱ्या दिवशी पोचली. आजवर रडलेली नाही. आल्या दिवसापासून फरशी पुसते.

मागच्या खोलीतून एंदाहचा आवाज येतो — गाणं नाही, बोलणं नाही, दोन्हींच्या मधलं काहीतरी. पाच दिवस ती झोपलेली नाही. तैवानच्या पैशातून विकत घेतलेल्या गोळ्या आधी अर्ध्या केल्या, मग पाव. परवा गल्लीतली पुरुषमाणसं बसून गेली. कुणी आवाज चढवला नाही. वस्तीत लहान पोरं आहेत, एवढंच म्हणाले, आणि निघताना एकानं गोठ्याकडे सहज पाहिलं. गोठ्यात अजून तो ओंडका आहे, दोन भोकांचा. सुई मिळू लागायच्या आधी आईचे पाय त्यात सात महिने होते. भोकं आतून गुळगुळीत झालीत. एंदाहचे घोटे आईपेक्षा बारीक आहेत — आणि हे आपण मोजून ठेवलंय हे लक्षात येऊन विनार्सिहनं छिन्नी उचलली.

सुरुवात पोकळ फरशीपासून करावी, ती लवकर निघेल.

ती पोकळ का, हेही तिला ठाऊक होतं. इथे मूल जन्मलं की त्याची वार मडक्यात घालून दाराशी पुरतात, मुलीची डावीकडे, आणि वर काही रात्री दिवा ठेवतात. पुढे भिंत दोन हात बाहेर सरकली, ती जागा घरात आली. विनार्सिह परदेशी गेली आणि आई तिथे नखांनी उकरू लागली. मडकं हलवलं की पोर परत येते, असं म्हणायची. फोनवर एंदाह सांगायची की नखं रक्ताळलीत. आणि विनार्सिह तैपेईतल्या म्हातारीचं पातळ जेवण गाळता गाळता उत्तर द्यायची: आईला सांग, तिथे आता काही नाही, तीस वर्षं झाली, मातीत सगळं विरतं. पुढच्या महिन्यात फरशीचे पैसे पाठवले. नखं वाचावीत म्हणून. की ते उकरणं आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून... हे तिनं कधी नीट विचारलंच नाही स्वतःला.

फरशी एका घावात सुटली. खाली सिमेंट नव्हतंच. गवंड्यानं वाळू पसरून काम उरकलेलं. वाळू बाजूला केली तर खाली खड्डा — वाडग्याएवढा, त्यानं न बुजवलेला, आणि त्याच्या कडेला चार चार रेघा, अजून ओल्या वाटाव्यात अशा. विनार्सिहनं हात घातला. चारही बोटं रेघांमध्ये बरोबर बसली.

बाहेर वळणावर कुठेतरी मोटारसायकल खालच्या गिअरमध्ये चढ चढत होती. तेहतीस फरशा बाकी होत्या. भराभर काढायला हव्यात, हे तिला अगदी स्वच्छ कळत होतं, हिशेबासारखं. आणि तरी हात बाहेर येत नव्हता. माती गार होती. बोटं आपोआप वाकली.

मागच्या खोलीतला आवाज थांबला. एंदाह येऊन शेजारी उकिडवी बसली, केस मोकळे, डोळे लाल, आणि आत वाकून पाहत तिनं शहाण्या माणसासारखं हळू विचारलं,

"ताई, सापडलं?"

तिथे काही नाही, हे उत्तर जिभेवर तयार होतं, कित्येक वर्षांचं, घोटून गुळगुळीत झालेलं. त्याऐवजी तिनं बोटं खाली रोवली. नखाखाली पहिली माती शिरली, दुखलं, आणि विनार्सिहला वाटलं की अजून थोडं, अगदी थोडं खाली...