स्वतःहून हजर

तुरुंगाच्या कचेरीत शिक्षेचे हिशेब ठेवणाऱ्या बाईला सगळे ताई म्हणत, साहेबांपासून कैद्यांपर्यंत. कोण कधी आत आला, शिक्षा किती, कामाची आणि चांगल्या वागणुकीची माफी किती, आणि ही सगळी वजाबाकी करून माणूस बाहेर कधी पडणार, हे सांगणं तिचं काम. खिडकीशी उभा राहिलेला भलाभला दांडगटही तिच्यापुढे आवाज खाली करायचा.

त्या वर्षी जुनी खाती नव्या संगणकात भरायची टूम निघाली. भरता भरता एक खातं अडलं. ते सुताराचं होतं. हा माणूस आत आला तेव्हा त्याला खिळासुद्धा सरळ ठोकता येत नव्हता. तुरुंगाच्या कारखान्यात तो काम शिकला आणि इतका तरबेज झाला की कचेरीतलं एकूण एक टेबल त्याच्या हातचं होतं. सुटून त्याला तीन वर्षं झाली होती.

ताईने मूळ निकाल काढून वाचला. सुताराला दोन खटल्यांत शिक्षा झाली होती. एक संपल्यावर दुसरी सुरू, असं न्यायाधीशांनी स्पष्ट लिहिलं होतं. जुन्या मोठ्या कारकुनाने दोन्ही एकाच वेळी भोगायच्या असं धरलं होतं. कारकून कधीच निवृत्त झाला होता. पण त्याने काढलेली तारीख सुताराला खिडकीतून वाचून दाखवली होती ती ताईनेच.

तिने कुणाला सांगायच्या आधीच संगणकाने ते वर कळवून टाकलं होतं. मुख्य कार्यालयाचा आदेश आठवड्याभरात आला. उरलेली दोन वर्षं भोगायला माणूस परत आत घ्या.

"पण साहेब, उरलेत त्याहून जास्त दिवस तो बाहेर नीट राहिलाय," ताई जेलरला म्हणाली. "ते धरले तर शिक्षा संपल्यातच जमा आहे."

"बाहेरचे दिवस शिक्षेत कसे धरायचे?"

"चूक आपली होती ना."

जेलर माणूस वाईट नव्हता. त्याने चष्मा काढून डोळे चोळले. "ते दिवस धरावेत म्हणून वर अर्ज करू. मी शिफारस देतो. पण पोलिसांनी धरून आणला तर अर्जात काही दम राहत नाही. स्वतःहून हजर झाला, अशी नोंद पडली तर गोष्ट वेगळी. तुझं ऐकेल तो. फोन कर. एक सही राहिलीय म्हणून सांग."

"खोटं सांगू?"

"सही तर लागणारच आहे."

घरी ताईच्या सासऱ्यांनी हे ऐकलं आणि जेवता जेवता हात थांबवला. त्यांनी त्याच तुरुंगात हवालदारकी केली होती. "सूनबाई, तू या भानगडीत पडू नकोस. पोलिसांचं काम पोलिसांना करू दे."

"मामंजी, त्याच्या लहान पोरीच्या देखत बेड्या घालतील त्याला. आणि स्वतः आला तर सुटायची आशा आहे."

"आशा कागदावर आहे का?"

"साहेबांनी शब्द दिलाय."

 सासरे ताट तसंच ठेवून उठले. ताईला त्यांचा राग आला. इतकी वर्षं दारावर उभं राहून माणूस कुणाचं भलं होईल यावरचा विश्वासच घालवून बसतो, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने फोन लावला. पलीकडे करवतीचा आवाज चालू होता. तिचं नाव ऐकताच तो थांबला.

"सही ना? येतो की. तुम्ही बोलावलं आणि मी आलो नाही, असं होईल का?"

सुतार कामाच्या कपड्यांतच आला. कानावर पेन्सिल, बाह्यांवर लाकडाचा भुसा. बायको आणि छोटी पोरगी बरोबर होत्या, कारण सही झाली की तिघं पोरीला बूट घ्यायला जाणार होते. त्या दोघी फाटकाबाहेरच्या बाकावर बसल्या.

"ताई, फार वेळ नाही ना लागणार? एका कपाटाला सरस लावून आलोय."

ताईने रात्रभर वाक्यं जुळवली होती.  ती सगळी सोडून तिने निकाल त्याच्यापुढे सरकवला आणि जे होतं ते सांगितलं. सुतार मान खाली घालून ऐकत राहिला. दारात दोन शिपाई येऊन उभे राहिलेले त्याने पाहिले.

"माझं काही चुकलं का, ताई?"

"नाही."

"मग?"

"आमचं चुकलं. तुम्ही स्वतःहून आलात अशी नोंद करणार आहेत. अर्ज मी स्वतः लिहिलाय. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे."

"स्वतःहून," सुतार म्हणाला. ओरडला नाही, हातपाय झाडले नाहीत. कानावरची पेन्सिल काढून त्याने टेबलावर ठेवली, कारण आत काय नेता येतं आणि काय नाही, हे त्याला पाठ होतं. "बायकोला तुम्ही सांगा. मला नाही जमणार."

फाटकाबाहेर ताईने सांगितलं तेव्हा बायकोला आधी काही कळलंच नाही. पोरगी बाकावर उभी राहून उड्या मारत होती. मग बायकोने पोरीला खाली उतरवून घट्ट धरलं.

"पोलीस आले असते तर तो पळाला असता," ती म्हणाली. "मी पळवला असता. तुमचा फोन होता म्हणून आला तो."

 ताई दोघींना वळणापर्यंत जाताना पाहत राहिली आणि मग कामावर परतली, कारण कैद्यांची दुपारची मोजणी व्हायची होती.

अर्ज गेला. ताईने त्याचा पिच्छा सोडला नाही. फोन केले, रजा टाकून मुख्य कार्यालयात खेटे घातले, तिथल्या बाबूंनी हात झटकले तरी बाकावर बसून राहिली. चार महिन्यांनी उत्तर आलं. अर्ज नामंजूर. कारण एका ओळीत दिलं होतं. कैदी स्वतःहून हजर झालेला नसून त्यास ताब्यात घेण्यात आलेलं आहे.

ताईने त्या दिवसाची नोंद उघडून पाहिली. फाटकावरच्या शिपायाने नेहमीच्या सवयीने 'ताब्यात घेतला' असं लिहिलं होतं. जेलरने न वाचता सही ठोकली होती.

"दुरुस्त करता येईल ना, साहेब?"

जेलरने चष्मा चढवून ती ओळ वाचली. "आता खाडाखोड केली तर माझ्यावर शेकेल. नव्याने अर्ज कर. मी बघतो." त्याने पाहिलं असेलही. पण महिन्याभरात त्याची बदली झाली, आणि नव्या साहेबाने फाईल बाजूला सारून सांगितलं की नामंजूर झालेलं प्रकरण पुन्हा वर पाठवायची पद्धत नाही.

सासऱ्यांना तिने हे सांगितलं तेव्हा त्यांनी 'मी म्हटलं होतं' असं म्हटलं नाही. ते नुसते तिच्या शेजारी बसून राहिले. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

सुतार कारखान्यात जाईनासा झाला. काम नाही तर माफी नाही, हे त्याला कुणी समजवायची गरज नव्हती. ताई परवानगी काढून बराकीत त्याला भेटायला गेली. तो भिंतीला टेकून बसला होता.

"काम करा हो. महिन्याचे काही दिवस तरी कमी होतील. मी हिशेब करून आणलाय, लवकर सुटाल."

"मला तारीख सांगू नका, ताई."

"पोरीसाठी तरी करा."

"मागच्या वेळी पोरगी नव्हती. बायको होती. तिच्यासाठी केलं, एक दिवस चुकवला नाही. तुम्ही तारीख सांगितलीत, मी भिंतीवर लिहिली. त्या तारखेला बाहेर पडलो आणि वाटलं, झालं." तो इतक्या साधेपणाने बोलत होता की तिला मान वर करवेना. "आता तुम्ही सांगाल ती तारीख खरी, हे मी कसं मानू? बाहेर गेलो तरी फोन वाजला की धडकी भरणार. त्यापेक्षा इथे बरा आहे. इथे कुणी बोलावणार नाही."

त्याने मुलाखतीही बंद केल्या. बायको पोरीला घेऊन यायची, तास दोन तास थांबायची, आणि आतून निरोप यायचा की कैदी येत नाही म्हणतो. पुढे ती यायची थांबली आणि महिन्याला एक फोन करू लागली. फोन ताईकडे जोडला जायचा.

ताईने भांडार विभागात बदली मागितली होती. हिशेबाला दुसरा माणूस नाही म्हणून ती मिळाली नाही. दर महिन्याच्या शेवटी ती सुताराच्या खात्यात माफीच्या रकान्यात शून्य भरायची, आणि तारखेत आधीच वजा धरलेले माफीचे दिवस गळाले की पडद्यावरची सुटकेची तारीख थोडी पुढे सरकायची.

"तारीख काय आहे आता?" बायकोने विचारलं. मागे पोरगी काहीतरी मागत होती.

ताईने सांगितली.

"मागच्या महिन्यात याआधीची सांगितली होती."

"हो."

"म्हणजे पुढच्या महिन्यात आणखी पुढची?"

"त्याने काम केलं नाही तर, हो."

 बायको म्हणाली, "लिहून नाही घेत मी," आणि फोन ठेवला.

खिडकीशी पुढचा माणूस टोपी हातात घेऊन उभा होता. दोन दिवसांनी त्याची सुटका होती, आणि तारीख पक्की आहे ना, हे त्याला ताईच्या तोंडून ऐकायचं होतं. ताईने त्याचं खातं काढलं, एकदा तपासलं, पुन्हा तपासलं, आणि हो म्हणायला तिचं तोंड उघडेना.