तिपाई आणि नववा खांब

शब्दन् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझे उरलेले दोन दात उद्या सकाळी तांब्यात सापडतील, आणि ते दोन मला फार प्रिय आहेत. तर ऐका.

पारामावशीने तिपाईवरून उडी मारली. उडी म्हणजे आधी उजवा पाय, मग थोडा विचार, मग डावा पाय. घाई नव्हती, कारण तिपाई जागची हलतच नव्हती. इंजिन मात्र असं ओरडत होतं की खालच्या वस्तीतल्या एका कोंबडीने दचकून एकाच बैठकीत दोन अंडी घातली. मी अंडी पाहिलीत.

"बसा तुम्ही रेटत," मावशी नवऱ्याला म्हणाली. "मी निघाले."

वही पोटाशी धरून, दुखरा गुडघा ओढत ती उरलेली चढण चढायला लागली.

तिपाई म्हणजे तीन ढब्बू चाकांची जुनी गाडी, पुढे एक, मागे दोन, जिथे रस्ता संपतो तिथून पुढे जाणारी. तिच्या मालकाला, म्हणजे मावशीच्या नवऱ्याला, गावात सेनापती म्हणायचे, कारण तो तिच्यावर लढाईला निघाल्यासारखा बसायचा. आणि मावशीला पारामावशी, कारण डोंगराच्या माथ्यावर हवामान खात्याचा थर्मामीटर होता, पाऊस मोजायचं नळकांडं होतं, आणि बावीस वर्षं रोज सकाळी आठच्या ठोक्याला ती दोन्ही वाचून वहीत लिहायची. माथ्यावर वारा असा की माझ्या ओळखीच्या एका माणसाची मिशी त्याने उडवून नेली. पलीकडच्या गावात सापडली, दुसऱ्याच्या तोंडावर.

दोन महिन्यांपूर्वी तिपाई वळणावर कलंडली. सेनापतीला खरचटलंसुद्धा नाही, मावशीचं मनगट मोडलं. हात प्लास्टरात होता तोवर नोंदी घ्यायला सेनापती एकटा जायचा. पावसाच्या रकान्यात, जिथे मिलिमीटर लिहायचे असतात, तिथे त्याने एके दिवशी लिहिलं, "बराच". दुसऱ्या दिवशी, "कालच्यापेक्षा कमी". मग खात्याचं पत्र आलं. यापुढे महिन्यात तीन नोंदी चुकल्या किंवा उशिरा झाल्या, तर माथ्यावर आपोआप मोजणारं यंत्र बसवू, आजवरच्या सेवेबद्दल आभार. मावशीने पत्राची घडी घालून वहीत ठेवली आणि त्यावर एक शब्द बोलली नाही. त्यावरूनच घरात कळलं, किती लागलंय ते.

प्लास्टर निघालं, मावशी पुन्हा मागे बसायला लागली, आणि क्लच घसरायला लागला, म्हणजे इंजिन ओरडायचं पण चाकं फिरायची नाहीत.

त्या दिवशी ती माथ्यावर पोचली तेव्हा आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. आठ लिहिलं असतं तर बघायला कोण होतं? तिने आठ-वीस लिहिलं. महिन्यातला हा दुसरा उशीर; बाकीचे दिवस तिने उरलेली चढण चालून कसेबसे आठ गाठले होते.

सेनापतीची धाकटी बहीण, म्हणजे मावशीची नणंद, नदीकाठच्या शेडमध्ये पाण्याचे पंप दुरुस्त करायची. तिपाईची डॉक्टर तीच. तासाभराने तिघं तिथे उभी होती.

"ऑइल बदललं," नणंद बोटांवर मोजत म्हणाली. "स्प्रिंगा नव्या घातल्या. प्लेटा काढून मोजल्या. स्क्रू आवळून परत थोडा सोडला. आता क्लचमध्ये मी स्वतः जाऊन बसायचं तेवढं राहिलंय. हिला तर हातात क्लचही नाही, दादा. डाव्या पायाने गिअरचं पेडल दाबलं की क्लच सुटतो, पाय काढला की धरतो. बिघडायला आहे काय त्यात?"

"मी एकटा असलो की पाखरासारखी जाते," सेनापती म्हणाला. "ही बसली की घसरते. आता बिघाड कशात आहे, ते मी कशाला बोलू?"

"बोला ना," मावशी म्हणाली.

सेनापतीने पाना उचलला, फडक्याने पुसला, परत ठेवला.

"वजन."

नणंदेने हातातलं काम थांबवलं. "दादा, तू आज जेवायला कुठे जाणार आहेस?"

पण मावशी चिडली नाही. बावीस वर्षं मोजण्यात गेलेलं माणूस आधी मोजतं, मग चिडतं.

"वन्सं, एक फळी काढा."

पंपाचा जाड पाइप जमिनीवर आडवा टाकला, त्यावर फळी. एका टोकाला मावशी ऐटीत बसली, दुसऱ्या टोकाला मोठ्ठं पोतं, आणि नणंद फावड्याने त्यात नदीची वाळू ओतायला लागली. ओतता ओतता नदी चार बोटं खाली गेली. माशांनी तक्रार केली म्हणतात, पण ती मी स्वतः ऐकली नाही, म्हणून सांगत नाही. शेवटी मावशीच्या चपला जमिनीवरून सुटल्या आणि फळी सरळ झाली.

"अजून एक फावडं टाका," मावशी वरून म्हणाली. "ह्यांना मागाहून शंका नको."

पोतं तिपाईच्या सीटवर करकचून बांधलं. सेनापती निघाला. दोघी खालून कान देऊन ऐकत होत्या. आवाज एकसारखा वर गेला, वळण गेलं, माथा आला, तिपाई परत आली. एकदाही घसरली नव्हती.

"वजन तेवढंच, गाडी तीच," नणंद म्हणाली. "आता काय म्हणणं आहे?"

सेनापतीने पोत्याभोवती एक चक्कर मारली.

"पोत्याला तोंड नाही," तो म्हणाला. "ही मागून सारखी बोलते. हळू घ्या, दगड बघा, खड्डा बघा. चालवणाऱ्याचं चित्त राहतं का ठिकाणावर?"

"ठीक आहे," मावशी म्हणाली. "आत्ता जाऊ. मी तोंड उघडणार नाही."

ही बातमी गावात तिपाई कलंडल्याच्या बातमीपेक्षा लवकर पसरली.

पोतं उतरलं, मावशी चढली. चढणीच्या कडेने विजेचे खांब होते. पहिला गेला, चौथा गेला, सातवा गेला. तोंड बंद ठेवायचं म्हणजे डोळ्यांना फार काम पडतं. मावशीला आपली वही आठवली. गाडी जिथे घसरायची तो खांब ती रोज समासात पेन्सिलीने लिहायची, नुसती सवय म्हणून. नऊ. नऊ. नऊ. एकदा दहा. परत नऊ.

नववा खांब आला. वळण आलं. कडेच्या सपाट दगडाशी तिपाईच्या मागच्या दिव्याची लाल काच अजून पडलेली होती, दोन महिन्यांपूर्वीची.

इंजिन ओरडायला लागलं. मावशीने नवऱ्याच्या खांद्यावरून खाली वाकून पाहिलं.

त्याचा डावा बूट गिअरच्या पेडलवर होता. नुसता टेकलेला नव्हता, दाबलेला. उजवा हात गाडीला जेवढं पुढे रेटत होता, तेवढं डावा पाय सोडून देत होता. त्याचं स्वतःचं त्याकडे लक्षच नव्हतं. तो समोर बघत होता, मानेच्या शिरा ताठ, कान लाल. आणि डाव्या कोपराने त्याने मावशीचं मनगट, तेच मोडून जुळलेलं, आपल्या बरगडीशी घट्ट दाबून धरलं होतं.

मावशीने बोलायचं नाही असं कबूल केलं होतं. ती बोलली नाही.

खाली शेडपाशी नणंद वाट बघत होती.

"घसरली?"

"घसरली. पण तुमचं काम चोख आहे, वन्सं. क्लच चांगला आहे."

"मग घसरते कशाने?"

मावशीने नवऱ्याकडे पाहिलं. तो बुटाच्या टोकाने वाळू उकरत होता.

"वजनानेच. ह्यांचं बरोबर होतं."

सेनापतीने दचकून वर पाहिलं. अडतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्याने पहिल्यांदा ऐकलं होतं.

"जड माणूस मागे बसला की पुढचं चाक हलकं पडतं," मावशी म्हणाली. "जड माणसाने पुढे बसायला हवं. उद्यापासून मी चालवते. तुम्ही मागे."

सेनापतीने तोंड उघडलं. नाही म्हणायचं तर आधी बायको जड नाही असं म्हणावं लागणार होतं, तेही बहिणीसमोर.

"अडकलास, दादा," नणंद म्हणाली आणि पाने गोळा करायला लागली.

तिपाई घेतल्यापासून अकरा वर्षं मागे बसून हातपाय कुठे कधी जातात ते मावशीला पाठ होतं. तरी संध्याकाळभर तिने अंगणात तिपाई गोल गोल फिरवली. ती दोन अंड्यांची कोंबडी छपरावर जाऊन बसली ती तीन दिवस उतरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी पुढे, सेनापती मागे. सातवा खांब गेला, आठवा गेला. नवव्या खांबापाशी मागच्या पायटेकणीवर काहीतरी ठक्कन वाजलं आणि मग माथ्यापर्यंत वाजतच राहिलं. सेनापतीचा डावा बूट रिकाम्या लोखंडावर जीव खाऊन दाबत होता. तिपाईला त्याचं काही नव्हतं. ती आपली चढत राहिली.

आठला दोन मिनिटं असताना मावशी नळकांड्यापाशी उभी होती. आठ वाजले, तिने वाकून पाहिलं, वहीत लिहिलं.

"किती?" सेनापतीने विचारलं.

"शून्य."

"एवढं सगळं करून शून्य?"

"शून्य आहे हे कुणीतरी येऊन बघायला लागतं," मावशी म्हणाली. "तुम्ही काय लिहिलं असतं?"

त्याने आभाळाकडे पाहिलं. "अजिबात नाही."

त्या महिन्यात पुढे एकही नोंद चुकली नाही. यंत्र आलं नाही. आणि त्या बिचाऱ्या सेनापतीला स्वतःच्या डाव्या पायाचं आजतागायत काही कळलेलं नाही.

बरं, हे एवढं मी पदरचं घातलं.

त्याला कळलं होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे मावशी वही घेऊन बाहेर आली, तर तो तिपाईपाशी उकिडवा बसून गिअरच्या पेडलच्या खाचांतला चिखल काडीने काढत होता. वाळलेला होता, त्याच्याच बुटाचा. तिची चाहूल लागल्यावर तो उठला, हात पुसले आणि न विचारता मागच्या सीटवर जाऊन बसला.

"चालव तू," तो म्हणाला. "तुझा पाय हलका आहे."

कोंबडीचं मात्र खरं आहे.