कमलिनीचं रंगीत अळू

त्या वर्षी होळीला वैजयंतीबाई क्वार्टरच्या फाटकाबाहेर पडल्या नाहीत. गुडघा धरलाय, असं त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं. गुडघा ठणठणीत होता. लाज वाटत होती, आणि लाजेला कुठलं तेल चोळतात हे त्यांना त्या वयापर्यंत कोणी शिकवलं नव्हतं. गरजच पडली नव्हती.

भोपाळच्या कारखान्याच्या वसाहतीत, बरखेड्याच्या त्या लाइनीत, वैजयंतीबाईंच्या हाताला नाव होतं. कारखाना उभा राहत होता तेव्हा त्या वर्ध्याकडून नवऱ्याबरोबर आल्या. पुढे नवरा गेला, त्याच कारखान्यात मुलगा श्रीकांत लागला, क्वार्टर बदललं, पण दारापुढची बाग त्यांनी दर वेळी नव्याने उभी केली. अबोली, शेवंती, गवती चहा, कढीपत्ता. शाळेत त्या दुसरीपर्यंतच गेलेल्या, पण इंजिनियरांच्या बायका झाडाचं दुखणं घेऊन त्यांच्याच दारात यायच्या. वैजयंतीबाई आधी तोंडसुख घ्यायच्या आणि मग उपाय सांगायच्या. ‘पाणी घालतेस की न्हाऊ घालतेस त्याला? सडेल नाही तर काय करील?’ बायका हसून ऐकून घ्यायच्या, कारण झाड खरंच उभं राहायचं.

शेजारच्या क्वार्टरमध्ये कमलिनी राहायची. तिच्याकडे एका मोठ्या कुंडीत रंगीत अळू होतं. मालवणच्या माहेराहून तिने त्याचे कंद पदराला बांधून आणले होते. पान अळूसारखंच, पण मधे गुलाबी, कडेला हिरवं आणि शिरा अशा लाल की कोणी काडीने कुंकू रेखलंय. पावसाळ्यात रस्त्यावरून जाणारा माणूस सायकल थांबवून बघायचा. वैजयंतीबाई म्हणायच्या, ‘ह्याची भाजी नाही, वडी नाही. नुसतं नटून बसायचं. मोठ्या साहेबाची बायको आहे ती.’ पण बघायच्या त्याही.

गणपती झाले आणि कमलिनीच्या नवऱ्याला, सुधाकरला, दूर दक्षिणेत मशीन बसवायला जायचा हुकूम आला. हिवाळा तिकडेच जाणार होता. तिने कुंडी आणून वैजयंतीबाईंच्या ओट्यावर ठेवली. जीप दारात भोंगा वाजवत होती.

‘काकू, एक सांगायचं राहिलं. थंडीत ह्याला...’

‘अगं, भोपाळची थंडी मला नवी आहे का? आणि अळू तू मला शिकवणार? जा, तो भोंगा फुटेल.’

कमलिनी हसली, परत एकदा तोंड उघडलं, पण सुधाकरने हाक मारली आणि ती गेली.

दिवाळीपर्यंत अळू डौलात होतं. मग एकेक पान पिवळं पडून देठातून लवायला लागलं. वैजयंतीबाईंनी पाणी वाढवलं. ताकाचं पाणी घातलं, शेण कालवून घातलं, गार वारा लागू नये म्हणून गोणपाट गुंडाळलं. पानं लवतच राहिली. सकाळी उठल्यावर देवाआधी त्या कुंडीकडे बघायच्या आणि दिवसभर सगळ्यांवर ओरडायच्या.

ओरडायला घरात वंदना होती. श्रीकांतची बायको. भोपाळच्याच शिवाजीनगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली, हिंदी शाळेत शिकलेली, कमी बोलणारी. लग्नाला चौथं वर्ष लागलं होतं आणि घरात पाळणा आला नव्हता. ह्याबद्दल वैजयंतीबाई तिला कधी बोलल्या नव्हत्या, आणि आपण बोलत नाही ह्याचा त्यांना मनातून अभिमान होता.

‘आई, गमला आत घेऊ का?’ वंदनाने विचारलं.

‘कुंडी म्हण. माहेरी मराठी बोलत होतात ना?’

चार दिवसांच्या बाबतीत मात्र त्यांचा नियम कडक होता. दोन खोल्यांत बाहेर बसायला जागा कुठली, म्हणून त्यांनी तोड काढली होती. वंदनाने चुलीला, देवाला, लोणच्याला आणि झाडांना त्या दिवसांत हात लावायचा नाही. झाडं जळतात, हे त्यांनी सासूकडून ऐकलेलं, सासूने तिच्या सासूकडून. मग एकदा वैजयंतीबाईंना ताप भरला. अंथरुणातून त्यांना खिडकीतून दिसलं की वंदना, त्या दिवसांतली, हळूच लोटीभर पाणी अळूला घालतेय. त्या तेव्हा काही बोलल्या नाहीत. आठवड्याभरात शेवटचं पान आडवं झालं, आणि वैजयंतीबाईंना कारण सापडलं. कारण सापडलं की जिवाला किती बरं वाटतं. इतके दिवस छातीवर असलेला दगड त्यांनी उचलला आणि सुनेच्या डोक्यावर ठेवला.

तरी ते घरातच राहिलं असतं. पण संक्रांतीचं हळदीकुंकू त्यांच्याकडे होतं. लाइनीतल्या सगळ्या मराठी बायका सतरंजीवर बसलेल्या. पलीकडच्या क्वार्टरमधली मनोरमा, नागपूरची, जिभेला वैजयंतीबाईंच्या तोडीची, ओट्याकडे बघत म्हणाली, ‘का हो काकू, कमलिनीचं अळू दिसत नाही ते? तुमच्या हातचं झाड गेलं म्हणता की काय?’

शेवटचं वाक्य लागलं.

‘माझ्या हातचं नाही गेलं,’ वैजयंतीबाई म्हणाल्या. ‘हिला विचारा. कावळा शिवलेला असताना पाणी घातलं बाईसाहेबांनी. मी तापाने पडले होते, कोण बघतंय. सांगून सांगून माझी जीभ झिजली.’

वंदना तिळगुळाचं ताट घेऊन मधोमध उभी होती. तिचे कान लाल झाले.

‘मग बरोबर,’ मनोरमा तिळगूळ चघळत म्हणाली. ‘काहींच्या हाताला काही लागतच नाही. झाड काय आन् पाळणा काय.’

कोणीतरी खुसखुसलं. हे जास्त झालं, हे वैजयंतीबाईंना त्याच क्षणी कळलं. एक शब्द टाकला असता तर मनोरमा गप्प बसली असती. पण जे तोंड आयुष्यात मिटलं नाही, ते नेमकं तेव्हा मिटलं. वंदनाने उरलेल्या बायकांना तिळगूळ दिला, ताट आत ठेवलं आणि परत येऊन वाणही वाटलं.

पुढच्याच महिन्यात मनोरमाच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. निरोप आला तो ‘काकू, तुम्ही एकट्याच या,’ असा. वंदनाने सासूचं लुगडं इस्त्री करून दिलं, ओटीचं सामान पिशवीत भरून दिलं आणि दार लावून घेतलं. वैजयंतीबाई गेल्या. जेवल्या.

परत आल्यावर त्यांना ती रिकामी कुंडी डोळ्यांसमोर नको झाली. ‘ती माती उकिरड्यावर टाक आणि कुंडी घासून ठेव,’ त्या म्हणाल्या.

‘मी हात लावू?’ वंदनाने विचारलं. तिरकस नव्हतं विचारलेलं, तेच वाईट होतं.

‘आता बिघडायचं काय राहिलंय त्यात. आणि पाणीबिणी घालू नकोस उगाच.’

फाल्गुनात कमलिनी आली. सामान उतरायच्या आधीच ती ओट्यावर. वैजयंतीबाईंनी बोलायचं ठरवून ठेवलं होतं. ‘अगं, काय सांगू तुला, आमच्या हिने...’

‘कुंडी कुठाय काकू?’

‘कुंडी रिकामी आहे गं. माती टाकून दिली.’

‘टाकली नाही,’ आतून वंदना म्हणाली. तिने मागच्या जिन्याखालून कुंडी ओढत आणली. माती वाळून दगड झाली होती. ‘दुसऱ्याचं सामान होतं. कमलिनीताई येईपर्यंत असू दे म्हटलं.’

कमलिनीने रद्दी अंथरून कुंडी उपडी केली, ढेकूळ फोडलं आणि आतून तपकिरी, गोल कंद काढून ओळीने मांडले. दाबून बघितले. घट्ट होते. एकाच्या डोक्यावर गुलाबी टोक आलं होतं.

‘किती छान निजलेत बघा,’ ती म्हणाली. ‘थंडीत ह्याची पानं जातातच. कंद झोपतो. तेव्हा पाणी बंद करायचं. मी जाताना तेच सांगत होते ना काकू, पण तुम्ही म्हणालात भोंगा फुटेल.’ ती हसत होती. तिला काहीच माहीत नव्हतं. ‘हे दोन मात्र सडलेत. आधी पाणी फार झालं असणार. मग वेळेवर बंद कोणी केलं?’

‘मी,’ वंदना म्हणाली. ‘म्हणजे, मला मनाई होती.’

सडलेले कंद रद्दीवर पडले होते. पिकून फुटलेल्या केळ्यासारखे. वैजयंतीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. ताक, शेण, गोणपाट, सगळं त्यांना आठवलं. न्हाऊ घातलं होतं त्यांनी त्याला, सडेपर्यंत. आणि पोरीची ती एक लोटी. त्यांनी वर बघितलं. वंदना त्यांच्याकडे बघत होती. त्या नजरेत राग असता तर सोपं गेलं असतं.

जाताना कमलिनीने तीन कंद वंदनाच्या ओंजळीत घातले. ‘हे तुझे. तू सांभाळलेस.’

तेव्हापासून वैजयंतीबाईंचा गुडघा दुखायला लागला.

त्यांनी आधी स्वस्तात सुटायचा प्रयत्न केला. वंदनाच्या पानात तूप जास्त वाढलं. ‘गमला’ शब्दाला टोकायचं सोडलं. एकदा तिच्या केसांना तेल लावायला बसल्या. ती बसली, पण मान ताठ धरून. शेवटी एका दुपारी, गहू निवडताना, त्यांनी सुपाकडे बघत म्हटलं, ‘मला ठाऊक नव्हतं गं त्या अळूचं. माणसाला सगळंच कुठं ठाऊक असतं.’

वंदनाचे हात थांबले नाहीत.

‘आई, ते तुम्ही चौघींत म्हणाला होतात,’ ती म्हणाली. ‘हे घरात म्हणताय.’

वैजयंतीबाईंच्या तोंडावर उत्तर आलं होतं. सासूला शिकवतेस का, असं काहीतरी. त्यांनी ते गिळलं. खडा गिळावा तसं.

चैत्रगौर आली. हळदीकुंकू करायचं की नाही, ह्यावर त्यांनी दोन रात्री कूस बदलली. न करायला गुडघा होताच. पण मग त्यांनी स्वतःच कैऱ्या आणल्या, डाळ भिजत घातली, पन्हं केलं आणि सगळ्यांना बोलावणं धाडलं. मनोरमाला स्वतः जाऊन सांगितलं. ‘सुनेला घेऊन ये,’ म्हणाल्या.

बायका आल्या. ओट्यावर वंदनाची नवी कुंडी होती आणि तिच्यात एक कोंब, सुईसारखा गुंडाळलेला, वर आला होता. मनोरमाला तो दिसला नाही असं होणं शक्य नव्हतं.

‘हे काय, परत आणलं वाटतं काकू?’

‘परत नाही आणलं.’ वैजयंतीबाई पन्ह्याचा पेला हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी तो खाली ठेवला. ‘ते मेलंच नव्हतं. थंडीत निजतं ते. कमलिनी सांगत होती, मी तिला बोलू दिलं नाही. निजलेल्याला मी पाणी पाजून पाजून सडवलं. ह्या हातांनी. आणि तुमच्यासमोर नाव हिचं घेतलं, कारण माझं गेलं असतं.’

कमलिनी, जिला हे सगळं तिथेच पहिल्यांदा कळत होतं, पदराशी चाळा करत खाली बघायला लागली.

‘अहो, जाऊ द्या काकू, एवढं काय त्यात,’ मनोरमा म्हणाली.

‘जाऊ कसं देऊ? तुझ्या घरी मी डोहाळजेवण जेवून आले, ही दाराआड बसली होती. तू जे बोललीस ते तू बोललीस, पण बोलायला जागा मी करून दिली. तुझी जीभ तुझ्याकडे. माझी मी आज धुतेय.’

त्यांना वाटलं होतं, बोललं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट आता सगळ्यांच्या डोळ्यांत ते दिसत होतं, आणि उद्यापासून रस्त्यावर, नळावर, किराण्याच्या दुकानात दिसणार होतं. मनोरमाची सून मात्र उठली, अवघडलेली, हात टेकत, आणि वंदनाच्या समोर कपाळ पुढे करून उभी राहिली. वंदनाने तिला कुंकू लावलं. थोडं कुंकू नाकावर सांडलं. मग तिने सगळ्यांना डाळ वाढली. सासूकडे तिने एकदाही बघितलं नाही.

पुढे काही दिवसांनी वंदना त्या चार दिवसांतली होती, आणि शेजारात ते लपत नसे. सकाळी मनोरमा कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती. वैजयंतीबाई दारात आल्या आणि पलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, ‘वंदना, गमल्याला पाणी घातलंस का?’

वंदना पायरीवर बसली होती. कोंब उलगडून पहिलं पान झालं होतं, तळहाताएवढं, लाल शिरांचं.

‘घातलं,’ ती म्हणाली. आणि मग, मान वर न करता, ‘जास्त नाही घातलं.’

पलीकडे मनोरमाचा हात दोरीवर थांबला. वैजयंतीबाईंनी तोंड उघडलं. मग मिटलं, आणि त्या आत वळल्या.