नवऱ्या बोकडाचा कौल

गुंडा मेटकऱ्याच्या दारात एक बोकड होता, सात वर्षांचा. बोकडाला एवढं आयुष्य कोण देतं? पण हा नवसाचा होता. शहाजी लग्नाला आला त्या साली गुंडानं बिरोबाला बोलून ठेवलं होतं, "पोराच्या डोक्याला बाशिंग चढलं की ह्यो तुझा." कानाला खूण करून सोडलेलं जनावर, ते विकायचं नाही आणि वेळेआधी कापायचंही नाही. शहाजी दर साली पोरी नाकारत गेला. एक लई उंच, एक लई बुटकी, एकीचा भाऊ लई बोलतो. तिकडं बोकड दर साली फुगत गेला. वेळापूरची माणसं त्याला 'नवऱ्या' म्हणू लागली. सकाळी तो गुंडाच्या बशीतला चहा प्यायचा.

त्या दिवशी शहाजी सोलापूरहून आला, पाठीवरची पिशवी न काढताच ओट्यावर बसला आणि म्हणाला, "आप्पा, आता पोरी बघू नका. मला बाईमाणसाची वढ न्हाय. मी गे हाय. सिद्धाराम माझा निस्ता रूम पार्टनर न्हाय. आमी दोघं जन्मभर संगं ऱ्हाणार."

त्याच्या आईच्या, गोजाबाईच्या हातातली भाकरी तव्याऐवजी चुलीत पडली.

गुंडानं आधी बोकडाकडं बघितलं. मग म्हणाला, "आन मग ह्याचं काय?"

"आवं, पोरगं काय सांगतंय आन तुमास्नी बोकडाचं पडलंय!" गोजाबाई कडाडली. मग पोराकडं वळून हळूच, "सिद्धाराम मंजी अक्कलकोटचा त्यो? लिंगायत?"

"व्हय आये."

"मंजी मटान न्हाय खात?"

"न्हाय खात."

गोजाबाईनं कपाळाला हात लावला. "धनगराच्या घरात आन मटान न खाणारा! तुला दुसरा कुणी घावला न्हाय व्हय रं?"

शहाजीला हसू आलं, पण आप्पाच्या तोंडाकडं बघून ते विरलं. तो उठला. "चारच्या एस्टीनं जातो. तुमाला पटलं तर हाक मारा, आप्पा. न्हाय पटलं तर मी परत येऊन तरास देणार न्हाय."

पोरगं पांदीनं फाट्याकडं निघालं. गुंडानं बोकडाचं दावं खुंटीवरून सोडलं, त्याला बरोबर घेतलं आणि बांधावरच्या लिंबाखाली, बिरोबाच्या दगडापाशी जाऊन बसला. दोनशे मेंढरं एका हाळीत वळवणारा माणूस, पण पोराला हाक मारायला त्याचं नरडं धजेना. भावकी काय म्हणेल? देवाला दिलेल्या शब्दाचं काय? आणि पोरगं खरंच परत आलं नाही तर? हेच पोरगं लहानपणी थंडीत त्याच्या घोंगड्यात शिरून, पोटाला पाय लावून झोपायचं. पाय बर्फासारखे गार. त्याला ते पाय आठवले.

गोजाबाई मागोमाग आली. "इथं काय करताय? एस्टीची येळ झाली."

"कौल लावतो. देवच सांगंल."

त्यानं दगडावर पाणी शिंपडलं, भंडारा लावला आणि झेंडूच्या दोन पाकळ्या चिकटवल्या, एक उजवीकडं, एक डावीकडं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "देवा, पोराला हाक मारू का? त्याच्या माणसाला घरात घिऊ का? सांग."

दोघं पाकळ्यांवर डोळे लावून बसली. लांबून एस्टीची घरघर ऐकू आली. उजवी पाकळी ढिम्म. डावी मात्र हळूहळू सुटायला लागली. वरचं टोक सुटलं, मग मधला भाग.

गुंडाच्या मुठीतलं दावं सैल झालं.

नवऱ्यानं मान लांब केली, जीभ फिरवली आणि डावी पाकळी भंडाऱ्यासकट गट्ट केली. वर गुंडाकडं बघून फुरफुरला.

"दावं का सोडलंत?" गोजाबाईनं विचारलं.

"हाताला घाम आला."

"घाम? मी बघत हुते की!"

"आगं, बोकड कुणाचा? देवाचा. मग त्येचं त्वांड कुणाचं?"

गोजाबाईनं तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत होती, ते तिलाच ठाऊक. "आता हाळी मारा की! एस्टी आली."

गुंडा उठला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि मेंढरांना मारतो तशी लांबलचक हाळी मारली. माळावरची दोनशे मेंढरं एकदम वळली. फाट्यावर एस्टीच्या पायरीवर एक पाय ठेवलेला शहाजीही वळला.

"शाजाऽऽ! भाकरी खाऊन जा!" गुंडा ओरडला. "आन पुढच्या ऐतवारी त्याला घिऊन यी!"

एस्टी मोकळीच निघून गेली. शहाजी पांदीनं पळत येत होता, पाठीवर पिशवी उडत होती, आणि मेंढरंही सगळी त्याच्याच मागं.

"त्यो आल्यावर जेवाय काय करायचं पर?" गोजाबाई म्हणाली.

"शेंगाची आमटी कर. तिखाट." गुंडानं बोकडाचं दावं परत मुठीत धरलं. "आन ह्येचं कसं करायचं, ते बाशिंग बांधायच्या दिवशी बघू."

नवऱ्या उजव्या पाकळीकडं बघत होता. गुंडानं त्याला मागं ओढलं.