नागपूरला गेलेली शकुन

बागबाजारातल्या मुंडल्यांच्या स्वयंपाकघरात त्या शनिवारी सकाळपासून पुरण शिजत होते. दत्तात्रय मुंडले बँकेतले अधिकारी. फाळणीच्या आधी बदली होऊन कलकत्त्याला आले आणि इथलेच झाले. त्यांच्या उज्ज्वलाला पाहायला जबलपूरची मंडळी दुपारी यायची होती. पत्नी सुहासिनीबाई बैठकीवरच्या चादरी बदलत होत्या आणि चुलीपुढे बसली होती शकुन, दत्तात्रयांच्या धाकट्या भावाची विधवा.

विनायक विषमज्वराने गेला तेव्हा शकुन अवघी एकवीस वर्षांची होती. आईवडिलांमागे नागपूरचे माहेर नावापुरतेच उरले होते. थोरल्या दिरांनी तिला ठेवून घेतले. या घरात तिला कोणी टाकून बोलत नसे. वेळेवर जेवण मिळे, अंगावर धड लुगडे असे. फक्त हळदीकुंकवाला बायका आल्या की तिने बाहेर यायचे नाही, एवढेच. आणि स्वयंपाकाला बाई ठेवायची गरज मुंडल्यांना कधी पडली नाही.

आदल्या वर्षी हावड्याच्या एका तंत्रविद्यालयाने पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित बायकांसाठी यंत्रकामाचा वर्ग काढला. शेजारची बीना, तीही निर्वासितच, त्यात जाऊ लागली आणि एक जागा रिकामी होती म्हणून तिच्याबरोबर शकुनही. परवानगी सुहासिनीबाईंनीच दिली होती. दुपारी चार बायका घरी येतात तेव्हा ही बाहेर असलेली बरी, असाही एक विचार त्यामागे होता. तो त्यांनी स्वतःशीसुद्धा कबूल केला नव्हता.

शकुनला मात्र त्या वर्गाने जिवंत केले. लेथवर फिरणाऱ्या पोलादी दांड्यावर हत्यार किती हलके टेकवायचे, मायक्रोमीटर कसा धरायचा, केसाहून बारीक फरक कसा मोजायचा, हे ती पोळ्या लाटता लाटता उज्ज्वलाला सांगे.

"पहिल्यांदा मी कातलेला दांडा मापाच्या कड्यात नेमका बसला ना, अडकला नाही की डगडगला नाही, तेव्हा मला रडूच आलं गं."

"काकू, रडलीस म्हणतेस आणि हसतेस काय!" उज्ज्वला म्हणे.

शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा नेमकी त्या शनिवारी होती. तीत उत्तीर्ण होणाऱ्या बायकांना उपकरणांच्या एका कारखान्यात काम मिळणार होते. शकुनने तसे आधीच सांगून ठेवले होते. पण जबलपूरकरांनी यायचा दिवस बदलला.

"पुरण वाटून ठेवते नि निघते, जाऊबाई," शकुन म्हणाली. "पोळ्या तेवढ्या तुम्ही लाटा."

सुहासिनीबाई चादरीची टोके ओढत राहिल्या. त्यांच्या पोळ्या हमखास फुटत. आणि जबलपूरच्या बाईंनी विचारले, तुमची जाऊ दिसत नाही, कुठे गेली, तर काय सांगायचे? विधवा बाई हावड्याला जाऊन यंत्र चालवते?

तेवढ्यात दाराची कडी वाजली. बीना तिला न्यायला आली होती.

"शकुनदी तैयार है?"

"शकुन तो नागपूर चली गई," सुहासिनीबाई दार अडवून म्हणाल्या. "मायके में कोई बीमार है."

"लेकिन आज तो परीक्षा है, बौदी!" बीना त्यांना बंगाली रीतीने बौदी, म्हणजे वहिनी म्हणे.

"क्या करें."

बीना क्षणभर घुटमळली आणि जिना उतरून गेली. सुहासिनीबाई वळल्या. स्वयंपाकघराचे दार सताड उघडे होते. कणकेत हात घालून बसलेल्या शकुनने शब्द न् शब्द ऐकला होता. धावत जावे, बीनाला हाक मारावी, असे तिला वाटले नसेल का? पण संध्याकाळी परतायचे होते ते याच दाराने. तिने एकदा जावेकडे पाहिले आणि ती पुन्हा कणीक मळू लागली.

पाहुणे आले. "किती मऊ पोळ्या! कोणी केल्या?" मुलाच्या आईने विचारले.

"सगळं उज्ज्वलाच्या हातचं," सुहासिनीबाई म्हणाल्या. उज्ज्वलाने मान वर केली नाही. लग्न ठरले. शकुन आत भांडी घाशीत होती.

सोमवारी सगळ्यांची जेवणे झाली तरी ती घरातच. सुहासिनीबाईंना राहवले नाही. "परीक्षेचं काय ते विचारायला वर्गात नाही का गेलीस?"

"मी नागपूरला गेलेय ना, जाऊबाई," शकुन म्हणाली आणि ताटे उचलू लागली.

त्या वाक्याने सुहासिनीबाईंची झोप उडवली. शकुन पूर्वीसारखीच राबत होती, विचारले तेवढे बोलत होती. तिने भांडण काढले असते तर त्यांना चार शब्द बोलून मोकळे होता आले असते. आता मात्र तिने वाढलेले ताट त्या अर्धेच सोडून उठत. लग्नाच्या साड्या पाहायला आलेल्या बायका म्हणत, "भाग्यवान आहात हो," आणि त्यांना कुठे तोंड लपवावे असे होई.

शेवटी एके दिवशी कोणाला न सांगता त्या बसने हावड्याला गेल्या. वर्गाचे शिक्षक चक्रवर्तीबाबू वयस्क गृहस्थ होते. ते म्हणाले, "परीक्षा झाली. कारखान्याने बायका निवडल्या. बीनाला काम लागलं. तुमच्या जावेला आता जुलैपासून पूर्ण वर्ष पुन्हा करावं लागेल. नागपूरची माणसं बरी आहेत ना?"

"ती गेलीच नव्हती," सुहासिनीबाई म्हणाल्या. "घरात होती. मी खोटं सांगितलं."

चक्रवर्तीबाबूंनी चष्मा काढून पुसला. "परीक्षा जवळ आली की माझ्या वर्गातल्या काही बायका अशाच अचानक गावी जातात. गेल्याच नव्हत्या असं सांगायला मात्र आजवर कोणी आलं नव्हतं."

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सगळे सांगितले. "जुलैत तिचं नाव घालायचं आहे. जबलपूरलाही कळवू या, लपवून नको."

"वेडी आहेस का? लग्न तरी होऊन जाऊ दे!"

"मग तेव्हा दुसरं काहीतरी निघेल, अहो. बारसं निघेल. तिनं किती वेळा नागपूरला जायचं?"

शेवटी दत्तात्रयांनी पत्राचा कागद पुढे ओढला. उज्ज्वला दारात उभी होती. "बाबा, त्या पोळ्या माझ्या नव्हत्या, हेही त्यांना कळवा," ती म्हणाली.

जबलपूरकरांनी लग्न मोडले. दत्तात्रय कित्येक दिवस बायकोशी धड बोलले नाहीत. उज्ज्वला म्हणाली, "बरंच झालं," पण एका दुपारी तिचे डोळे सुजलेले दिसले. त्याचाही दोष सुहासिनीबाईंनी दुसऱ्या कोणावर टाकला नाही.

जुलैत वर्ग सुरू झाला. सकाळी सुहासिनीबाईंनी डबा भरून शकुनच्या हातात दिला. पोळ्या फुटलेल्याच होत्या.

"शकुन, मला माफ केलंस ना गं?"

शकुन चपला घालता घालता थांबली. तिची वर्गातली जागा तिला मिळाली होती. कारखान्यातली मिळाली नव्हती. ज्या दिवसांत स्वतःच्या कमाईचे घर तिने मनात मांडले होते, तेही परत आले नव्हते.

"वर्ष गेलं माझं, जाऊबाई," ती म्हणाली. "ते भरून निघालं की विचारा."

ती जिना उतरून गेली. वाचकहो, सुहासिनीबाई दुष्ट नव्हत्या, तुमच्याआमच्यासारख्याच होत्या. म्हणूनच, आपल्या घरातली कोण आज गावाला गेली आहे, हे आपण एकदा आत जाऊन पाहायला हवे.