निरोपाचा दोर

हिमधवल, निस्तब्ध, निष्ठुर अशी ती सकाळ. सूर्य अजून खोऱ्यात उतरला नव्हता. शिखरांच्या कपाळावर केशराचे बोट टेकवून पलीकडेच रेंगाळला होता. खाली तळावर देवदारांच्या सावल्या निळ्या होत्या, माणसांचे श्वास पांढरे होते, आणि बँडवाल्यांची पितळी वाद्ये थंडीने ओठांना डसत होती.

आज मेजर जनरल हैबतराव कणसे निवृत्त होत होते.

उघडी जीप झेंडूने मढवली होती. एवढ्या उंचीवर झेंडू कुठून आला, विचारू नका. निरोपाला फुले मिळतात, विमानाने मिळतात. वरच्या ठाण्यावरच्या पोरांनी मागितलेले हातमोजे तेवढे अजून वाटेत होते.

जीपला पुढे दोन जाड दोर. सैन्याची रीतच आहे ती. जाणाऱ्या साहेबाची गाडी इंजिनावर चालत नाही. त्याचेच अधिकारी, त्याचेच जवान ती ओढत फाटकापर्यंत नेतात. फाटकाच्या आत तो सेनानी. फाटकाबाहेर तो कुणीही.

दोर ताणले. चाके वळली. पाकळ्या गळल्या.

हैबतराव ताठ बसले होते, पण डोळे मात्र वर होते. उत्तरेच्या आकाशात घुसलेला तो काळा, कराल सुळका. त्याच्या कुशीत राईएवढे ठाणे. आणि ठाण्याच्या माथ्यावर पुढे झुकलेले, फुगलेले, गर्भभारल्या मेघासारखे हिम. तीन दिवस अखंड बर्फ पडला होता आणि आज ऊन येणार होते. ऊन! कवींना गोड वाटते ते. पहिल्या उन्हाने ताजा बर्फ सुटतो, कडाच्या कडा खाली कोसळतो; ऊन म्हणजे काय, ते त्या हिमाखालच्या ठाण्यातल्या दहा-बारा पोरांना विचारा.

माणदेशाच्या कुसळी माळावरून आला होता हा माणूस. पाऊस न पाहिलेला, बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिलेला. बाप लान्सनाईक, शिस्त घरातच, भाकरीसारखी रोजची. लेफ्टनंट झाला तेव्हा मिसरूड कोवळी होती. मेजर झाला तेव्हा मांडीत गोळी होती. ब्रिगेडियर झाला तेव्हा छातीवर पदके होती आणि झोपेत नावे होती. मेलेल्यांची नावे. पदक एकाचे, मरण दुसऱ्याचे. जगाचा हिशोब असाच चालतो, आणि टाळ्या वाजतात.

हे ठाणे खाली आणा, असे त्याने वर किती वेळा सांगितले! वरून उत्तर यायचे ते मऊ, ऊबदार, गालिच्यावर बसलेले उत्तर. ‘बघू.’ ‘योग्य वेळी.’ ‘ठाणे सोडले तर लोक काय म्हणतील?’ आणि हैबतराव ऐकत राहिला. आयुष्यभर हुकूम पाळून पाळून त्याच्या कण्याला हुकुमाचाच आकार आला होता.

मग शेवटचा आठवडा आला. पुन्हा एक रीत! जाणाऱ्याने जाता जाता मोठा हुकूम सोडायचा नाही. येणाऱ्याचे हात बांधायचे नाहीत. सभ्यता म्हणे. बर्फ पडत होता, आणि हा सभ्य राहिला. आज सकाळी हसत हसत त्याने सूत्रे सोपवली, चहा घेतला, आणि बाहेर येऊन वर पाहिले.

आता शिखरावरचे केशर वितळून सोने होत होते. सोने हळूहळू खाली ओघळत होते. ठाण्याकडे.

“थांबा,” हैबतराव म्हणाले.

बँड वाजत होता. दोर ओढले जात होते.

“अरे थांबा म्हणतो ना!”

पुढच्या पोरांना वाटले, साहेबांना भरून आले. त्यांनी दुप्पट जोराने ओढले, दुप्पट प्रेमाने, आणि जयघोष आकाशाला भिडला. प्रेमाचा असा बहिरेपणा!

तेव्हा त्यांनी चालत्या जीपमधून उडी मारली. मांडीतली जुनी गोळी कळवळली. दोर सैल पडले, तुताऱ्या विझल्या.

वाटेच्या कडेला नवे साहेब उभे होते, मेजर जनरल बिवलकर. इस्त्रीदार, सौम्य, सुगंधी.

“मकरंद, सुळक्यावरची पोरं खाली घे. आत्ता. ऊन पोचायच्या आत.”

“सर, मोसम संपला की नक्की बघू. मी वर लिहितोच आहे...”

“वर काय लिहितोस? वर बघ! मान वर करून बघ जरा!”

बिवलकरांनी बघितले नाही. त्यांनी घड्याळ बघितले. मग हलकेच म्हणाले, “सर, सगळे बघताहेत. बसा ना.”

हैबतराव वळले. दोराच्या टोकाशी सुभेदार मेजर फडतरे होते. ह्याच साहेबाला गोळी लागली तेव्हा पाठीवर टाकून दरी उतरलेले फडतरे.

“फडतरे, वायरलेसवर जा. पोरं खाली घ्या म्हणावं. माझा हुकूम आहे.”

फडतऱ्यांचा पाय उचलला. अर्धाच उचलला. मग त्यांचे डोळे हैबतरावांवरून सरकले आणि बिवलकरांच्या चेहऱ्यावर जाऊन थांबले. बिवलकर निश्चल. पाय होता तिथे परत टेकला.

“साहेब,” फडतऱ्यांचा आवाज फाटला, “हुकूम खुर्चीचा असतो, माणसाचा नसतो. रंगरूट होतो तेव्हा तुम्हीच कानफटात मारून शिकवलंत. आता काय करू, सांगा!”

सांगण्यासारखे काय उरले होते? जन्मभर पेरलेले तरारून उभे होते समोर, हातात दोर घेऊन, डोळ्यांत पाणी घेऊन, आज्ञाधारक.

“शिकलास रे,” हैबतराव म्हणाले. “च्यायला, फार चांगला शिकलास.”

ते जीपमध्ये बसले नाहीत. लंगडत, एकटे, फाटकाकडे चालू लागले.

क्षणभर सगळे गोंधळले. पण रीत ती रीत. बिवलकरांनी बोट हलवले. बँड पुन्हा सुरू झाला. दोर पुन्हा ताणले. पुढे चालणारा म्हातारा, आणि त्याच्या मागून मंदगतीने, मानाने, शेकडो हातांनी ओढलेली, फुलांनी लदलेली रिकामी जीप.

आणि वर, फार वर, जिथे ना तुतारी पोचते ना सलामी, तिथे सोन्याने हिमाच्या ओठाला स्पर्श केला. हिम किंचित चमकले, किंचित ओलावले, किंचित पुढे झुकले. कुणाच्याही मंजुरीची वाट न पाहता.